कोरड्या गवताचं मैदान

वहिनींना गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण साधी भाजी घ्यायची तरी अख्खा बाजार पालथा घालणारी बाई ती. नणंदेसाठी मैदान शोधायचं ठरलं, तेव्हा पंचक्रोशीतली तिन्ही सार्वजनिक मैदानं त्यांनी पारखायला घेतली.

नणंदबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका. निवृत्तीनंतर गोल्फचा नाद लागला, आणि पाठोपाठ डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध कायमचं धुकं. कडेचं तेवढं दिसे. मान तिरकी करून पायाशी ठेवलेला चेंडू मारता येई, पण मारलेला कुठे गेला ते उमगत नसे.

"तिन्हीकडे बघते. नाहीच जमलं तर चेंडू मारायचे हे क्लब देऊन टाकीन," नणंदबाईंनी निक्षून सांगितलं होतं. एकदा ही बाई खुर्चीला टेकली की पुन्हा उठायची नाही, ही वहिनींची धास्ती.

पहिलं मैदान पाहून वहिनी हरखल्याच. गालिच्यासारखं गवत, मधे तळं. नणंदबाईंनी चेंडू टोलवला.

"कुठे गेला?"

"तो काय, पुढे."

"पुढे म्हणजे?"

"आता मी काय त्याचं बोट धरून गेले होते, वन्सं?"

मागे थांबलेले खेळाडू खाकरू लागले. दुसऱ्या मैदानावर गार सावली होती, हिरवळ त्याहून दाट होती, आणि चेंडू तसाच हरवला. परतताना नणंदबाईंनी क्लबची पिशवी गाडीत मागे टाकून दिली.

तिसरं मैदान पाण्याच्या टाकीमागे. पाण्याचे फवारे कधीच बंद पडलेले, गवत पिवळं पडून कडकडीत वाळलेलं, त्यावर पाचोळा.

"वन्सं, याला मैदान म्हणायचं की खळं? चला घरी."

"आलोच आहोत तर एक मारते. द्या तो क्लब."

"ही काठी?"

"काठी म्हणा, दांडकं म्हणा, पण द्या!"

वहिनींनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. टोला बसला. काही क्षण शांतता. मग टणक जमिनीवर टप्प, पुन्हा टप्प, आणि पाचोळ्यातून लांबवर सरसर.

नणंदबाईंनी कान टवकारले आणि त्या तरातरा चालू लागल्या. वहिनी पदर सावरत मागे. "अहो, हळू!" नणंदबाई थेट एका झुडपाशी थांबल्या, पायाने पाचोळा चाचपला. चेंडू बुटाला लागला.

"सापडला!" त्या ओरडल्या. "तिकडच्या मऊ गवतात नुसता बुडून जायचा हो. आवाजच नाही."

वहिनी कपाळाला हात लावून हसू लागल्या. "आणि मी मेली तुमच्यासाठी मैदान निवडतेय ते माझ्या डोळ्यांनी!"

मैदानाच्या कडेच्या खोलीत खिडकीशी बसलेल्या रखवालदाराला त्यांनी तिथूनच हाक मारली, "दादा, पाचोळा झाडता का हो इथला?"

"झाडू की, ताई. सगळ्यांची तीच तक्रार आहे."

"नका झाडू, बाबा! निदान आमच्या येण्याच्या दिवशी तरी."

तो डोकं खाजवत राहिला. इकडे नणंदबाईंनी पुढचा चेंडू मांडलासुद्धा. "वहिनी, गप्पा पुरे. डोळे मिटा आणि सांगा, कुठे जातोय."

वहिनींनी डोळे घट्ट मिटले. टोला, टप्प, सरसर.

"डावीकडे!"

"उजवीकडे," नणंदबाई म्हणाल्या, आणि वाट दाखवत पुढे निघाल्या.