संकासुराचं नाव

भिवा तांडेलला संशय घ्यायची खोडच होती. जाळं फाटलं की खडकाला दोष द्यायच्या आधी तो शेजारच्या होडीकडे बघायचा. त्यामुळे सगळं बंदर त्याच्यावरच संशय घ्यायला लागलं तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

कारण झालं फेसबुकवरचं एक खातं. नाव 'बंदराचा संकासुर', फोटोच्या जागी नुसता काळा मुखवटा. बुरोंडीच्या पुढच्या त्या एवढ्याशा बंदरात बंदी असूनही एलईडीचे दिवे लावून मासळी कोण ओढतो, कुठल्या बोटीवरून जनरेटर उतरतो, सगळं हा संकासुर फोटोसकट चव्हाट्यावर मांडायचा. त्या बोटी बहुतेक रावजीशेठच्या. आणि रावजीशेठ म्हणजे मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. बर्फ त्याच्या हातात, डिझेल त्याच्या सहीचं. लोक त्याच्यासमोर संकासुराला शिव्या घालायचे आणि नवीन काही आलं की फोन वाजेल अशी सोयही करून ठेवायचे.

खरा संकासुर नाचतो शिमग्यात. अंगभर काळा डगला, झाकलेलं तोंड, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात दोर. त्या दोराचा फटका सरपंचालाही बसतो आणि सरपंच हसतो, कारण शिमग्याच्या दिवसांत संकासुराला नाव नसतं. ते सोंग कित्येक वर्षं भिवाच घ्यायचा. चालीवरून शेंबड्या पोरालाही तो ओळखू यायचा, तरी 'कोण रे तू?' असं विचारायची रीत नव्हती. मग फेसबुकवरचा संकासुर कोण, हे शोधायला कोणी लांब कशाला जाईल?

सोसायटीच्या बैठकीत रावजीशेठ म्हणाला, "मर्दाच्या जातीनं आपल्या नावानं बोलावं. मी तर म्हंतो, आधार कार्ड बगितल्याशिवाय फेसबुकवाल्यांनी खातंच देऊ नये."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी भिवाकडे पाहिलं.

"बराबर हाय!" भिवा सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. "तोंड झाकून बोलतो तो चोरच."

"शिमग्यात तुजं आधार कार्ड कुठं असतंय रं?" शेजारच्या भागोजीने विचारलं. बैठक खदखदून हसली. भिवा हसला नाही. संकासुर सापडला की त्याच्या होडीचा बर्फ बंद, डिझेल बंद, आणि त्याच्या घराशी बोलणंही बंद, असं ठरून गेलं होतं. वाळीत हा शब्द कोणी तोंडातून काढला नाही, कायदा आहे ना. पण होडीला बर्फ नाही म्हणजे होडी किनाऱ्यावर, हे भिवाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा त्यानेच तोडगा काढला. प्रत्येक होडीवाल्याने ग्रामदेवतेपुढे नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची. खोटी शपथ घेऊन दर्यात जायची छाती बंदरावर कोणाची नव्हती, भिवाची तर नाहीच. आणि भागोजीचा तो टोमणा त्याच्या डोक्यात अजून वळवळत होता. भागोजीचा मुलगा निहार कॉलेजात जातो, सदा फोनमध्ये डोकं. हे काम त्याचंच, अशी भिवाची खात्री पटली होती. म्हणून शपथेचे शब्दही त्यानेच घालून दिले: "संकासुर मी नाय, आनि माज्या घरातलं कोनी नाय." शेपटीचे शब्द खास भागोजीसाठी होते. रावजीशेठला ते फार आवडले.

शपथेच्या दिवशी दुपारी भिवा ओट्यावर बसून संकासुराचे फोटो एकेक करून मोठे करून बघत होता. निहारची सावली, निहारची चप्पल, काहीतरी सापडेल म्हणून. एक गोष्ट त्याला खटकली. सगळे फोटो खालून काढलेले. पुढे गडीमाणसांच्या पोटऱ्या, त्यांच्यामधून दिसणारी बोट. बंदरावर गडी उभे असतात. मग बसलेलं कोण असतं?

टोपल्या घेऊन बायका बसतात.

त्याने शेवटचा फोटो आणखी मोठा केला. कोपऱ्यात मासे कापायच्या विळीचा पाट दिसत होता, आणि पाटाला ठोकलेला होडीचा तांब्याचा खिळा. तो खिळा भिवाने स्वतः ठोकला होता.

मथुरा! सहावी शिकलेली त्याची बायको. मुलगा संदेश मुंबईला, घरात दोघंच. लिहिते कशी ही? मग त्याला आठवलं, विहिरीपाशी पाठमोरी उभी राहून ती आपल्या फोनशी बोलायची. संदेशशी बोलते असं त्याला वाटायचं. फोनला सांगितलं की फोनच लिहितो, हे तिला संदेशनेच शिकवलं होतं. आणि हेही आठवलं, की मागे तिने 'सोसायटीत तोंड उघडा, आपली मासळी ते दिव्यावाले ओढून नेतात,' म्हणून त्याच्यामागे किती धोशा लावला होता. 'बर्फ कोनाकडनं येतो?' एवढंच तो म्हणाला होता.

आत जाऊन विचारावं असं त्याला वाटलं. पण विचारलं आणि ती हो म्हणाली तर? तो तसाच बसून राहिला. त्याला तिची भीती वाटली, आणि लाजही वाटली.

संध्याकाळी मथुराने सोललेला नारळ त्याच्या हातात ठेवला. त्याच्या खिशातला फोन काढून घेतला.

"देवापुढं ह्यो कशाला? राहूंदे घरी." मग हलकेच म्हणाली, "अवो, बिनघोर जावा. आज तुमचं नाव साफ होयल."

बायकांना बोलावणं नव्हतं. शपथेचे शब्द काय आहेत हे तिला ठाऊक नव्हतं.

देवळात एकेकजण पुढे होत होता. भागोजीने नारळावर हात ठेवला, दोन्ही वाक्यं खणखणीत म्हटली आणि भिवाकडे बघून मिशीत हसला. मग भिवाची पाळी आली.

"मी भिवा तांडेल. संकासुर मी नाय."

पुढचं वाक्य आलं नाही. गुरव थांबला. रावजीशेठची मान पुढे आली. गप्प राहिलो तर हे सगळे आता माझ्या घराकडे बघतील, एवढंच भिवाला कळत होतं. त्याने नारळावरचा हात काढून घेतला, आणि मगच म्हणाला, "संकासुर मीच. झालं? बर्फ बंद करा."

हात आधी काढला, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. एकच गलका उठला. रावजीशेठच्या चेहऱ्यावर समाधान पसरतंय, तेवढ्यात भागोजीचा फोन वाजला. मग रावजीशेठचा. मग देवळातले सगळेच.

भागोजीने मोठ्याने वाचलं. "मंडळी, देवाला उगाच कशाला तरास देता? संकासुर देवळाभाईर हाय. भिवा तांडेलवर आळ घेऊ नका, त्याच्याकडं तर फोन पन नाय."

भिवाने डोळे मिटले. गप्प उभा राहिला असता तर या चार ओळींनी तो सुटला असता. आता त्या त्याच्या शब्दांवर येऊन आदळल्या होत्या.

रावजीशेठ घाई करणारा माणूस नव्हता. त्याने चष्मा लावून त्या ओळी स्वतः वाचल्या, मग परत वाचल्या.

"भिवा, तुजा फोन कुठं हाय?"

भिवाचा हात आपसूक खिशाकडे गेला. "घरी."

"तू फोन घरी ठेवलास, हे आमाला कोनाला ठावं नव्हतं." रावजीशेठने चष्मा काढला. "घरी कोन हाय?"

आयुष्यभर भिवाने लोकांकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, त्या नजरेने सगळं देऊळ आता त्याच्याकडे बघत होतं. उद्या पहाटे होडी दर्यात जायची होती. त्याने एकदा देवीकडे पाहिलं.

"कोनी नाय," तो म्हणाला, आणि काढून घेतलेला हात त्याने आपणहून परत नारळावर ठेवला. "माज्या घरातलं कोनी नाय."