घंटा वाजवणाऱ्याचा उशीर

तुटक्या पायांना बसतील असे लाकडी जोडे करतो मी. आमच्या श्याहे नगरीत या धंद्याला मरण नाही. राजाला राग आला की पाय जातो, आणि पाय गेला की माणूस माझ्याकडं येतो. लाकूड कोरायचं, आत लोकरीचा नमदा घालायचा, पट्टा लावायचा. कंटाळा आलाय आता.

उत्तर वेशीवरच्या वुमा ल्यांगचा जोडा मात्र मी दर हिवाळ्याआधी नवा करतो, न सांगता. त्यांचा डावा पाय माझ्यामुळं गेला. नऊ वर्षं झाली. हे मी कुणापाशी बोललो नव्हतो, त्यांच्यापाशीसुद्धा नाही.

वेशीचं दार लोटणारा हा लंगडा म्हातारा एकेकाळी आमचा सेनापती होता, हे आता सांगून खरं वाटत नाही कुणाला. घोडे विकणाऱ्याचा मुलगा. चटईवर राळ्याचे दाणे मांडून सांगायचे, शत्रू इथून येणार. आणि मेला तिथूनच यायचा! अकरा लढाया जिंकल्या. त्यांचा कायदा साधा होता. ढोल वाजला की पुढं, घंटा वाजली की मागं, आणि हुकमाशिवाय घंटेला हात लावील त्याचं डोकं जागेवर उडवायचं. घंटेवर होतो मी, ताव.

बारावी लढाई नदीपलीकडच्या किल्ल्याची. राजानं देवळात त्यांच्या हाती सेनापतीपदाची कुऱ्हाड दिली आणि बजावलं, किल्ला घेतल्याशिवाय घंटा वाजता कामा नये. तीन दिवस आमची माणसं शिड्या चढत होती आणि वरून उकळतं पाणी पडत होतं. राळ्याच्या पेजेची भांडी भरलेलीच राहायची, खायला कोणी परतत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवलं नाही. वाजवली घंटा. उरले होते ते मागं आले.

राजाच्या माणसांनी विचारलं, हुकूम कुणाचा? सेनापती, आमचे धनी, म्हणाले, "माझा." एवढंच. पाय गेला, पद गेलं आणि वेस मिळाली. मी खाली मान घालून उभा राहिलो, भेकड कुठला.

तो राजा गेला, नवा बसला. परवा सकाळी वेशीवर मी धन्यांना नवा जोडा चढवत होतो, तेवढ्यात दरबारातला एक कारभारी आला. पूर्वेकडून फौज येतेय म्हणे.

"वुमा, राजाला तुम्ही हवे आहात," तो म्हणाला. "पण कच खाल्लेला सेनापती नेमायचा कसा? तुम्ही फक्त एवढं म्हणा, हुकूम माझा नव्हता. घंटेवाल्याचं नाव घ्या. आजच्या आज रथ दारात उभा करतो."

माझ्या हातातला पट्टा सुटला.

"आणि नाव घेतल्यावर त्याचं काय?" धन्यांनी विचारलं.

"कायदा तुमचाच आहे की."

"हुकूम माझाच होता," धनी म्हणाले. "जाताना उंबरा बघा, ठेच लागते तिथं."

"मरा मग इथंच दार लोटत!" असं ओरडून तो गेला.

माझा बांध फुटला. "धनी, हुकूम तुमचा नव्हता. मीच वाजवली. का वाचवलंत मला? दोनदा!"

"पट्टा आवळ आधी. सैल आहे." मी पट्टा आवळला तसे ते म्हणाले, "तुला कोण वाचवतंय, गाढवा? पहिल्याच दिवशी कळलं होतं मला, किल्ला पडत नाही. पण राजाची कुऱ्हाड हातात होती, तोंडच उघडेना. मी आपला तुझ्या हाताकडं बघत बसलो. म्हटलं, हा तरी वाजवील." त्यांना धाप लागली. "तीन दिवस लावलेस, ताव. तीन दिवस!"

नऊ वर्षं मी घंटा वाजवली म्हणून झुरत होतो. उशिराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लढाईच्या दुसऱ्या दिवशी शिडी चढलेल्यांचे चेहरे एकेक करून आठवायला लागले, आणि मी तिथंच बसून रडलो.

वेस अजून उघडली नाही म्हणून बाहेर गाडीवाले शिव्या द्यायला लागले होते. धनी भिंतीला धरून उठले.

"चल, दाराला हात लाव," ते म्हणाले. "मला एकट्याला आता होत नाही."