मोठ्या फेरीनं जातो

हे सगळं दोन हजार तेवीस साली घडलं, भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. इंदुताईंना ती तारीख आठवण्यासाठी कॅलेंडर लागत नाही.

ढाणकीपासून सात-आठ किलोमीटरवर, पैनगंगेच्या काठी पिंपळशेंडा नावाचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला वनखात्याचं राखीव. राखीव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डोंगर आणि दाट झाडी येते. इथं तसलं काही नाही. परातीसारखी सपाट काळी जमीन, माणूस बुडेल एवढं गवत, मधूनमधून बाभळी आणि पलीकडे नदी. इंदुताईंच्या लहानपणी तिथं गावाची गुरं चरत. बाया बैलगाडीत गोधड्या घालून नदीवर जात, दिवसभर धुणं चाले, आणि संध्याकाळी वाळलेल्या गोधड्यांच्या ढिगावर पोरं झोपून परत येत. पुढे तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, गुरं बंद झाली.

अलीकडे त्या सपाटीवर पोरं धावायला लागली होती. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना पाच आणि मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं. राखीवातला म्हातारा वनमजूर धावजी यानं गवत कापून त्यांच्यासाठी तीन वाटा पाडल्या होत्या, आणि गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या नासिरभाईंनी आपली मोटारसायकल फिरवून त्या मोजून दिल्या होत्या. लहान फेरी मचाणापर्यंत. मधली फेरी फाटकाच्या उजवीकडून, बरोबर तीन किलोमीटर. मोठी फेरी डावीकडून, नदीच्या काठाकाठानं जुन्या गावठाणापर्यंत जाऊन परत, सात किलोमीटर. मोठ्या फेरीवर घळी होत्या आणि तिकडं फोन लागत नसे. म्हणून धावजीनं नियम घातला होता, की मोठ्या फेरीला जाणाऱ्यानं फाटकाजवळच्या काळ्या फळीवर खडूनं नाव लिहून जायचं आणि आल्यावर पुसायचं.

धावणाऱ्यांत पुंडलिकरावांची सुरभी होती, एकवीस वर्षांची. पुंडलिकरावांची वीस एकर कपाशी आणि तूर, घरी काही कमी नव्हतं, पण पोरीला अंगावर वर्दी पाहिजे होती. इंदुताईंनी तिला पहिलीपासून चौथीपर्यंत शिकवलं होतं, आणि आता लेखी परीक्षेच्या व्याकरणासाठी ती रोज संध्याकाळी त्यांच्याकडे येत असे.

इंदुताईंनी चौतीस वर्षं गावच्या शाळेत मराठी शिकवलं. त्यांचा मुख्य झगडा एकाच शब्दाशी होता. आपल्याकडे बाया "मी जातो", "मी करतो" असंच बोलतात. पोरी तसंच वहीत लिहीत. इंदुताई लाल शाईनं त्या 'तो'चा 'ते' करत. "तू पोट्टा हायेस का वं? पोट्टी आहेस तर 'जाते' लिही." एकेकीकडून शंभर शंभर वेळा लिहून घेत. सुरभी त्यांची सगळ्यांत पक्की विद्यार्थिनी. दुसरीनंतर तिच्या वहीत तसला 'जातो' कधी दिसला नाही, हे त्या दहा जणांत अभिमानानं सांगत.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला पुंडलिकराव इंदुताईंच्या दारात उभे राहिले. पायांत चपला नव्हत्या.

"बाई, सुरभी आली का तुमच्याकडं?"

"नाही. काहून?"

"सहाले गेली धावाले. आठपर्यंत येतो म्हणे. तिची माय पुरण वाटून बसली, पोया हिलेच लाटाच्या होत्या. फोन लागून नाही राह्यला."

इंदुताईंनी अंगावर पदर घेतला आणि तशाच निघाल्या. वाटेत नासिरभाई भेटले, त्यांनी मोटारसायकलवर बसवून घेतलं. फाटकाशी धावजी उभा होता. घरच्या पूजेमुळे तो नऊला कामावर आला होता, त्यानं कुणालाच जाताना पाहिलं नव्हतं. सणामुळे बाकीची पोरंही आली नव्हती.

फळीवर मात्र खडूची अक्षरं होती. सकाळी येऊन गेलेल्या सरीनं वरची ओळ, म्हणजे नावच, धुऊन नेलं होतं. खाली उरलं होतं: "मोठ्या फेरीनं जातो. ८ पर्यंत."

"हे कोणाचं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"रजतचं असंल," धावजी म्हणाला. "तोच जाते रोज मोठ्या फेरीनं, आठपर्यंतच येते. काल पुसलं का नाई, ध्यानात नाई बाप्पा."

रजत आदल्या संध्याकाळी मामाकडे दिग्रसला गेला होता. नासिरभाईंनी फोन लावला, तो बंद होता.

"मी म्हणतो आधी नदीकडं पाहू," पुंडलिकराव म्हणाले. मग इंदुताईंकडे वळले. "बाई, तुमीच सांगा. तुमी तिले लिवाले शिकवलं. हे माह्या पोरीचं हाय का?"

इंदुताई फळीजवळ गेल्या. ओल्या लाकडावरचं खडूचं अक्षर सगळ्यांचं सारखंच वाकडं येतं, त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. पण 'जातो' स्वच्छ दिसत होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे पोराचं आहे. सुरभी 'जाते' लिहिते. मरेपर्यंत 'जाते'च लिहील ती."

'मरेपर्यंत' हा शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

बाईंनी सांगितल्यावर गावात दुसरा प्रश्न उरत नसे. तिथल्या तिघांतले दोघं, पुंडलिकराव आणि नासिरभाई, त्यांच्या हाताखालून गेलेले होते. सुरभी रोज मधल्या फेरीवर धावे, आणि चार दिवसांपूर्वी तिथं रानडुकरांचा कळप दिसला होता. सणाची ताटं सोडून गावातली वीस-बावीस माणसं आली. वाटेच्या दोन्ही अंगांनी हाताला हात लावून गवत विंचरत निघाली. माणसं कमीच पडत होती, त्यामुळे नदीकडे कुणालाही पाठवलं नाही.

अकरा वाजले, बारा वाजले. सपाट जागेत माणूस हरवत नाही असं आपल्याला वाटतं, पण तिथं चढून पाहायला उंचवटाच नसतो. गवताच्या आत पाच हातांवर काय आहे ते दिसत नाही. "सुरभे! ओ सुरभे!" अशा हाका कुठूनही येत आणि कुठेही विरून जात. इंदुताई फाटकाच्या दगडावर बसून होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना गवतात जाता येत नव्हतं.

साडेबाराला ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आवाज आला, की वरच्या धरणाचे दरवाजे सकाळी उघडले आहेत, दोन वाजेपर्यंत पाणी आपल्या शिवारात पोचेल, नदीकाठी गुरं-माणसं कुणी राहू नये.

धावजी येऊन पाणी प्याला. "बरं झालं बाई, पोट्टी नदीकडं नाई गेली ते," तो म्हणाला. इंदुताईंनी मान हलवली.

एकच्या सुमारास डावीकडून, लांबून, एक आवाज आला. मोर असेल, टिटवी असेल, किंवा काहीच नसेल. पण इंदुताई ताडकन उठल्या आणि हात वर करून जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "सुरभे! थांब वं माय, मी येतो! मी येतो!"

आणि जागच्या जागी थिजल्या.

मी येतो. चौतीस वर्षं लाल शाई वापरलेल्या तोंडातून ते आलं होतं. त्यांची आई असंच बोले, आजी असंच बोले, त्या स्वतः नळावर, स्वयंपाकघरात, देवासमोर असंच बोलत. 'जाते' त्यांनी फक्त वर्गात ठेवलं होतं. मग पोरीनं पहाटेच्या घाईत, ओल्या फळीवर, परीक्षा नव्हती की बाई नव्हत्या, तेव्हा काय लिहिलं असेल?

"धावजी," हाक ऐकून पळत आलेल्या धावजीला त्या म्हणाल्या. "ते तिचंच आहे. फळीवरचं. तिनंच लिहिलं."

"तुमी तं म्हणलं..."

"मी चुकलो! पय लवकर! नासिरला बोलाव, सगळ्यांना बोलाव! नदीकडं!"

नासिरभाई पुंडलिकरावांना मागे बसवून काठाच्या वाटेनं सुटले. इंदुताई मागून निघाल्या, पायीच. मोठ्या फेरीनं त्या कधी चालल्या नव्हत्या, पण जागा पाठ होती. इथंच गोधड्या वाळत, इथंच भाकरी सोडत. डाव्या हाताला नदी फुगत होती. सपाट मुलखात पुराचा लोंढा येत नाही. पाणी आवाज न करता गवताच्या बुडाशी येतं, आणि आधी घळी भरतात, खालून वर. इंदुताईंची एक चप्पल चिखलात राहिली. त्यांनी उरलेलीही सोडली.

तिसऱ्या घळीत सुरभी सापडली. वाटेची कड ढासळून ती खाली गेली होती, डावा पाय दोन दगडांच्या मध्ये घोट्यावर मोडून अडकला होता. पाणी गळ्यापर्यंत आलं होतं. तिनं करंजाच्या मुळ्या दोन्ही हातांनी धरल्या होत्या आणि ओरडून ओरडून घसा गेला होता. पुंडलिकराव वरूनच पाण्यात पडले. नासिरभाईंनी दोर टाकला, पहार घातली. दगड हलायला वीस मिनिटं लागली. इंदुताई पोचल्या तेव्हा तिला वर काढून झोळीत घालत होते. पायाचा रंग पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

नांदेडला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी विचारलं, पाय कधीपासून दबला होता. पुंडलिकराव म्हणाले, सकाळी पावणेसातपासून. डॉक्टर म्हणाले, पायातलं रक्त बंद झालं होतं. दोन-तीन तास आधी काढलं असतं तर प्रयत्न करता आला असता.

बरोबर आलेल्या इंदुताईंकडे कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

सहाव्या दिवशी त्या भेटायला गेल्या. चादरीखालचा डावा पाय घोट्याच्या वरच संपत होता. सुरभीचा आवाज अजून बसलेला होता.

"बाई, फळी कोणीच वाचली नाही का?"

"वाचली."

"मंग?"

"मी वाचली. 'जातो' लिहिलं होतं. मी म्हटलं, हे तुझं नाही."

सुरभीनं चादर वर ओढून घेतली.

"घाई होती," ती म्हणाली. "सण होता न. पोरं नाहीत, कोणी नोको म्हणणारं नाही, म्हटलं एक डाव मोठी मारून पाहू, दम वाढते. घरी बोलतो तसं लिवलं, बाई. तुमी तपासाल असं वाटलं नाही मले."

टोमणा नव्हता त्यात. इंदुताईंनी पिशवीतली मोसंबी टेबलावर ठेवली आणि उठल्या.

"बाई," सुरभीनं हाक मारली. "आता संध्याकाळी नाही येत मी."

रजतची भरती झाली. तो आता पांढरकवड्याकडे वनरक्षक आहे, दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. धावजीनं काम सोडलं आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात तो वारला. नासिरभाईंचं दुकान ढाणकीच्या मोठ्या रस्त्यावर गेलं, ते अजून इंदुताईंना पाहिलं की गाडी थांबवतात. पुंडलिकरावांनी बाईंशी बोलणं तोडलं नाही, पण कुठल्या कागदाचं काय करायचं ते विचारायला परत कधी आले नाहीत. मोठी फेरी वनखात्यानं तार लावून बंद केली.

सुरभीला नांदेडहून कृत्रिम पाय मिळाला. आधी तिनं उमरखेडला एका सेवा केंद्रात सातबारे काढून द्यायचं काम धरलं, मग स्वतःचं केंद्र टाकलं. चांगलं चालतं. बस स्टँडवर कधी दिसली तर नमस्कार करते, "बऱ्या हायेत न बाई?" विचारते, आणि आपल्या गाडीकडे निघून जाते.

इंदुताई आता सत्तरीच्या पुढे आहेत. गावातल्या पोरी अजूनही वह्या घेऊन दाखवायला येतात. त्या वाचतात, शेवटी सही करतात आणि वही परत देतात.