अकरा जणांची जॉइनिंग

शीघ्र एअर कार्गोच्या ठाण्यातल्या ऑफिसात आसावरी परब पायलटांच्या भरतीचं काम बघायची. मुलाखती ती घेत नसे, निर्णयही तिचा नसे. कागद गोळा करायचे, फोन करायचे, मेल टाकायच्या, एवढंच. गेल्या ऑगस्टमध्ये कंपनीने अकरा जणांना को-पायलट म्हणून निवडलं, तेव्हा अकराही फोन तिनेच केलेले. क्षिप्रा नावाची मुलगी फोनवरच रडायला लागलेली. खडवलीच्या सिद्धेश भोईरने तर फोन स्पीकरवर टाकलेला आणि त्याची आई मागून विचारत होती, घेतलं का, घेतलं का म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी कोपरला घरी जाताना आसावरीने पेढे घेतले. नवऱ्याने, प्रीतमने, विचारलं कसले, तर म्हणाली, "अकरा पोरांना नोकरी लागली माझ्या हातून."

जॉइनिंग नोव्हेंबरची ठरली होती. ती जानेवारीवर गेली. जानेवारीची मार्चवर. दर वेळी ऑपरेशन्सचे प्रमुख सलिल सर तिला कारण सांगायचे आणि ती ते मेलमध्ये उतरवायची. सिम्युलेटर मिळत नाहीये. परवानगीचा एक कागद अडकलाय. ट्रेनिंग कॅप्टन सुट्टीवर आहेत. तिला ती कारणं खरी वाटायची, कारण विमानाच्या धंद्यात कागद अडकतातच, हे तिने सात वर्षं पाहिलेलं.

फेब्रुवारीत एका दुपारी सिद्धेशचा फोन आला.

"मॅडम, मला दुसरीकडून ऑफर आलीय. प्रवासी कंपनी आहे, पण विमान मी शिकलोय तेच, एटीआर. पोस्टिंग गुवाहाटीला देतायत. पप्पांचं डायलिसिस चालू आहे कल्याणला, आठवड्यातून दोनदा, म्हणून मला आपल्याकडेच यायचंय. फक्त मार्चची तारीख पक्की आहे का, तेवढं सांगा. त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

आसावरी सलिल सरांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी लॅपटॉपवरून मान वर न करताच ऐकलं.

"पंधरा-वीस दिवसांत ट्रेनिंग सुरू होतंय म्हणून सांग. चांगला मुलगा आहे, सोडू नकोस त्याला."

तिने तसं सांगितलं. एवढंच सांगून फोन ठेवला असता तरी चाललं असतं. पण तिने आपल्या पदरचं घातलं. "जाऊ नका तिकडे. मी सांगतेय ना तुम्हाला."

सिद्धेशने गुवाहाटीला नाही म्हणून कळवलं.

मार्चची तारीख मेवर गेली, मेही गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सलिल सरांनी तिला एक नवीन जाहिरात तयार करायला दिली. को-पायलट हवेत, बोइंगचं प्रशिक्षण झालेले. आसावरीला आधी वाटलं, जास्तीची विमानं येतायत. जाहिरातीत किती जागा टाकायच्या ते बघायला तिने सोबत आलेली फाइल उघडली. त्यात कंपनीच्या विमानांचा तक्ता होता. पाच एटीआर, भाड्याने घेतलेली, सगळी मालकाला परत जाणार. दोन गेलीसुद्धा. त्यांच्या जागी तीन मोठी बोइंग, प्रवासी विमानातल्या खुर्च्या काढून मालवाहू केलेली. आणि वर निर्णयाची तारीख, बारा डिसेंबर.

तिने ती तारीख तीनदा वाचली.

एका जातीचं विमान उडवायला शिकलेल्या पायलटला दुसऱ्या जातीचं विमान तसंच उडवता येत नाही, त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं, हे त्या ऑफिसात चहावाल्यालाही माहीत होतं. अकराही जणांचं प्रशिक्षण एटीआरचं. त्यांच्यासाठी शीघ्रमध्ये डिसेंबरपासून विमानच नव्हतं. म्हणजे फेब्रुवारीत सलिल सरांनी मान वर न करता जे सांगितलं, ते माहीत असून सांगितलं होतं.

ती फाइल घेऊनच केबिनमध्ये गेली.

"सर, हे डिसेंबरमध्येच ठरलेलं?"

"हो. का?"

"मग आपण त्या अकरा जणांना दर दोन महिन्यांनी तारीख का देतोय?"

सलिल सर खुर्चीत मागे टेकले. ते चिडले नाहीत, आणि हेच तिला पुढे कितीतरी दिवस सहन झालं नाही. "हे बघ आसावरी, बोइंग वर्कशॉपमध्ये आहेत. समजा तिकडे सहा महिने उशीर झाला असता, तर एटीआर ठेवावी लागली असती. तेव्हा पायलट कुठून आणले असते? म्हणून हाताशी ठेवले. सगळ्याच कंपन्या करतात."

"ती माणसं आहेत, सर. सिद्धेशने दुसरी नोकरी सोडली आपल्या शब्दावर."

"आपण त्याला सोडायला लावली नाही. तो मोठा आहे, त्याचा निर्णय त्याचा." मग जरा थांबून म्हणाले, "आता जुलैअखेरची तारीख टाक सगळ्यांना. नवीन भरती पूर्ण झाली की मग सांगू. आत्ता सांगितलं तर बोंबाबोंब होईल, जाहिरातीवर परिणाम होईल."

आसावरी बाहेर आली. जुलैची मेल तिने लिहायला घेतली, दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. त्या दिवशी ती मेल गेलीच नाही.

घरी जेवताना तिने प्रीतमला सगळं सांगितलं.

"तू मनावर कशाला घेतेस? तू फक्त मेल टाकतेस ना," तो म्हणाला.

"फक्त?" ती ताट सरकवून उठली. "त्या मुलाला नको जाऊ म्हणून मी सांगितलं, प्रीतम. सरांनी नाही. माझ्या तोंडाने."

तो वाईट माणूस नव्हता, आणि घराचा हप्ता दोघांच्या पगारावर चाललेला हे दोघांनाही न बोलता माहीत होतं. पण त्या रात्री तिला त्याचाही राग आला, स्वतःचा तर त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला रिसेप्शनवरून फोन आला. सिद्धेश भोईर भेटायला आलाय.

ती खाली गेली. फोटोवरून वाटायचा त्यापेक्षा तो लहान दिसत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल. ऑफिसात नको म्हणून ती त्याला समोरच्या उडप्याकडे घेऊन गेली. चहा मागवला. त्याने कपाला हात लावला नाही.

"मॅडम, न सांगता आलो, सॉरी. एटीआरच्या माझ्या वार्षिक चाचणीची मुदत या महिन्याअखेर संपतेय. ती पुन्हा द्यायची तर सिम्युलेटरला स्वतःच्या खर्चाने बाहेर जावं लागेल. आता लवकर जॉइनिंग असेल तर कंपनीच करून घेईल ना ती? तेवढं पत्र मिळालं तर बरं होईल. सध्या मी टिटवाळ्याला मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतोय. तिथे सगळे विचारतात, कधी उडणार."

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. विचारून सांगते म्हणायचं आणि वर जायचं, जसं ती आठ महिने करत आली होती. तिने कप बाजूला ठेवला.

"सिद्धेश, पत्र मिळणार नाही. जॉइनिंगही नाही. आपली एटीआर परत चाललीत. कंपनी बोइंग घेतेय. तुम्हा अकराही जणांना जागा नाही."

"कधी ठरलं?"

"डिसेंबरमध्ये."

त्याने बोटांवर मोजल्यासारखं केलं. "मी तुम्हाला फोन केला फेब्रुवारीत."

"हो. मला तेव्हा माहीत नव्हतं. मला काल कळलं."

"पण तुम्ही म्हणालात, मी सांगतेय ना."

"म्हणाले."

उडप्याकडचा पोऱ्या बिल ठेवून गेला. सिद्धेशने फाइलचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आवाज चढवला नाही. "मॅडम, माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं होतं. मी गेलो असतो. पप्पांचं काहीतरी केलं असतं आम्ही. काकाने सांगितलेलं, मी नेईन दवाखान्यात, तू जा. मीच म्हटलं, नाही, ठाण्याच्या मॅडम पक्कं बोलल्यात."

तो उठला. ती म्हणाली, "मी काहीतरी करते," आणि म्हणतानाच तिला स्वतःच्या शब्दांची शिसारी आली. तो "नको" म्हणाला आणि स्टेशनच्या रिक्षांच्या रांगेकडे चालायला लागला.

आसावरी जिना चढून वर आली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली. जागेवर बसली, यादी उघडली आणि ऑफिसच्या फोनवरून पहिला नंबर लावला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली. कंपनीचं नाव, स्वतःचं नाव, मग सरळ: विमानं बदललीत, निर्णय डिसेंबरचा आहे, तुम्हाला दिलेल्या तारखांना काही अर्थ नव्हता, दुसरीकडे प्रयत्न सुरू करा, आमची वाट बघू नका. एका जणाने शिव्या देऊन फोन ठेवला. एकाने पुन्हा पुन्हा विचारलं, पण बोइंगवर घेतील ना, आम्हाला घेतील ना. आजूबाजूच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं.

क्षिप्राचा फोन पाचवा. तिला अर्धं सांगून झालं तेवढ्यात सलिल सर बाहेर आले.

"आसावरी, फोन ठेव."

"एक मिनिट, क्षिप्रा," ती म्हणाली, आणि रिसीव्हर हातातच ठेवून त्यांच्याकडे वळली. "बोलणं संपलं की ठेवते."

"तुला कुणी सांगितलं हे करायला?"

"कुणी नाही. आजपर्यंत जे केलं ते सांगितलेलंच केलं."

"ही गोपनीय माहिती आहे. तुझी नोकरी जाईल, कळतंय का?"

"कळतंय. त्या अकरा जणांची गेली तेव्हा कुणी त्यांना विचारलं, कळतंय का म्हणून?" ती थांबली नाही. "तुम्ही मुलाखतीला त्यांच्याशी हात मिळवलात, सर. सिद्धेशच्या वडिलांची चौकशी केलीत. आणि चार महिन्यांनी त्यांना गोदामातल्या जास्तीच्या मालासारखं ठेवून दिलंत. लागले तर वापरू, नाही लागले तर कोण विचारतंय. आणि त्यावर झाकण घालायला मी होते."

सलिल सरांनी टेबलाच्या कडेची फोनची वायर काढून टाकली. क्षिप्राचा आवाज बंद झाला.

ते केबिनमध्ये जाऊन एचआरला फोन लावेपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असतील. तेवढ्यात आसावरीने मेल लिहिली. सात ओळींची, अकराही जणांना, कंपनीच्याच पत्त्यावरून. विमानं परत करण्याचा निर्णय अमुक तारखेला झाला. त्यानंतर आपल्याला दोन वेळा जॉइनिंगची तारीख कळवण्यात आली. त्या तारखा कळवताना कंपनीला हा निर्णय माहीत होता. खाली आपलं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. पाठवली, मग पर्समध्ये डबा टाकला. तिचं मेलचं खातं बंद झालं तेव्हा ती लिफ्टपाशी पोचलेली.

पुढचा महिना वाईट गेला. कंपनीची नोटीस आली, गोपनीयतेचा भंग वगैरे. शेवटचा पगार अडकला. प्रीतम दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी नोटीस घेऊन तोच डोंबिवलीतल्या ओळखीच्या वकिलाकडे गेला. वकिलाने वाचून सांगितलं, खोटं एक अक्षर नाही त्या मेलमध्ये, हे कोर्टात जाणार नाहीत. गेले नाहीत.

ती मेल मात्र अकरा जणांच्या उपयोगी आली. आतापर्यंत त्यांच्याकडे होत्या त्या नुसत्या तारखा. आता निर्णय कधी झाला हे कंपनीच्याच पत्त्यावरून लेखी आलेलं. क्षिप्राने पुढाकार घेतला, सगळ्यांना एकत्र केलं, वकिलाचं पत्र पाठवलं. बोइंगच्या जाहिरातीखाली लोक त्या मेलचा फोटो टाकायला लागले, तेव्हा कंपनी नरमली. सप्टेंबरमध्ये सहा जणांना बोलावलं, बोइंगचं प्रशिक्षण कंपनी देणार या अटीवर. तिघं तोवर दुसरीकडे लागले होते. एकाने नाद सोडून वडिलांचा धंदा धरला. सहा जणांच्या यादीत सिद्धेश होता. अकरावा कुठे गेला हे कुणालाच नीट कळलं नाही, त्याचा फोन लागत नव्हता.

सलिल सर जागेवरच राहिले. दिवाळीच्या आधी त्यांना बढती मिळाल्याचं एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं, तेव्हा आसावरी कळव्याच्या एका कुरिअर कंपनीत नव्या नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात होती. पगार कमी होता. बातमी ऐकून तिला वाटलं होतं तेवढा धक्का बसला नाही. राग मात्र जसाच्या तसा आला, ताजा.

सिद्धेशला फोन करावा की नाही याचा तिने बरेच दिवस विचार केला. शेवटी एका रविवारी सकाळी केला. त्याने उचलला.

"जॉइन झालात असं क्षिप्रा म्हणाली."

"हो. पहिल्या तारखेपासून. सध्या ट्रेनिंग चालू आहे." मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. "तुमच्या मेलमुळे झालं, सगळे म्हणतात."

"पप्पा कसे आहेत?"

"ऑगस्टमध्ये गेले."

ती खुर्चीवर बसली. तिने सॉरी म्हटलं.

"तुमच्यामुळे नाही गेले ते," सिद्धेश म्हणाला. "पण त्यांना मला युनिफॉर्ममध्ये बघायचं होतं. फेब्रुवारीत गेलो असतो तर बघितलं असतं. हे माझ्या डोक्यातून जात नाही, मॅडम. मी काय करू? तुम्ही पुढे चांगलं वागलात, मला कळतं ते. तरी राग येतो."

"येऊ दे," आसावरी म्हणाली. "तुमचा हक्क आहे तो."

मग त्याला आईने हाक मारली, त्याने जातो म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.