जमुनेचा पांगुळगाडा

१९५६ सालची, अकोल्याची ही गोष्ट. मित्रांनो, मी एक जुना पांगुळगाडा आहे. बाळं चालायला शिकताना धरतात तसाच, पण बराच उंच. मूर्तिजापूरच्या नत्थुजी सुतारांनी मला घडवले ते नऊ वर्षांच्या जमुनेसाठी.

त्या पावसाळ्यात पोलिओने तिचे दोन्ही पाय लुळे पडले. सुरुवातीला तर तिला श्वासही पुरत नव्हता. ते संकट टळले. मग दवाखान्यात व्यायाम देणाऱ्या चारुशीलाबाईंनी गरम ओल्या कापडाने शेकून, सांधे हळूहळू हलवून तिच्या पायांत थोडा जोर आणला. आता तिला उभे करायचे होते, म्हणून तिचे वडील खुशालराव मला मोटारीच्या टपावरून दवाखान्यात घेऊन आले.

"हे त लहान लेकराचं हाय," जमुना तोंड फिरवून म्हणाली.

"बैलगाडी समज न," खुशालराव म्हणाले. "फक्त बैल तूच."

ती हसली. पण तिची आई, दुर्गाबाई, माझ्या आणि खाटेच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"मी नवस बोलली, बाई. अमरावतीले अंबादेवीपाशी नेईपर्यंत पोरीचा पाय भुईले लागू द्यायचा नाही. नवसानंच वाचली ते. पाऊस उघडला का नेतो."

"तोवर पाय आखडतील, दुर्गाबाई," चारुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी जमुनेची टाच आईच्या तळहातावर ठेवली. पाऊल खाली लोंबत होते. "हे वर करून पाहा."

दुर्गाबाईने पाहिले. पाऊल पूर्वीसारखे वर येईना. देवी कोपली तर पोर जाईल, आणि ऐकले नाही तर पाय जातील. माझ्या तर लाकडालाही घाम फुटला असेल.

शेवटी तिने खाटेवरची सतरंजी ओढली आणि फरशीवर पसरली.

"ह्याच्यावर चालते का? भुईले त नाही लागत."

"चालतं," चारुशीलाबाई म्हणाल्या.

जमुनेने माझा दांडा घट्ट धरला. मी एवढा भ्यालो कधी नव्हतो. सतरंजीची चुणी चाकात अडकली, मी कलंडलो. बाईंनी तिला कमरेला धरून सावरले.

"माय, मी पडीन."

"नाही पडत. मी हावो ना."

दुर्गाबाई गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी चुण्या सारख्या करत मागे मागे सरकू लागली. तिच्यामागोमाग माझी चाके, आणि चाकांमागोमाग जमुनेचे फरफटणारे पाय. दाराशी पोचेपर्यंत दुर्गाबाईचे गुडघे सोलून निघाले होते.

पुढे दिवाळीनंतर जमुना अंबादेवीला गेली, ती काठी टेकत. तिचा डावा पाय बारीकच राहिला. आज ती अमरावतीच्या राजापेठेतल्या एका शाळेत शिकवते. चारुशीलाबाई नागपूरला बदलून गेल्या. खुशालराव मागच्या वर्षी वारले. दुर्गाबाई लेकीकडे असते. शेजारच्या सुना बाळंतिणीच्या खोलीतून सव्वा महिन्याआधीच बाहेर पडल्या की हल्ली ती त्यांना काही बोलत नाही.

आणि मी? दवाखान्याच्या जिन्याखाली पडून आहे. एक चाक गंजले आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मोठ्या दुखण्यातून उठत असेल, तर मायेपोटी त्याला निजवून ठेवू नका. डॉक्टरांना विचारा आणि हात धरून उभे करा. आणि इकडे आलात तर माझ्या चाकाला थोडे तेल घाला. वरच्या खोलीत कालच एक मुलगा आला आहे. त्याचे पाय हलत नाहीत.