वाढीव सुट्टीचं कारण

भंडाऱ्याजवळच्या करडी गावचा जागेश्वर फौजेत ट्रक चालवायचा. लेहच्याही पलीकडे, डोंगराच्या माथ्यावर, जिथे हवा इतकी विरळ की पेटवलेली काडीही नीट जळत नाही, तिथे त्याची तीन वर्षं गेली होती. दर हिवाळ्यात दोन महिने तो गावी यायचा, आणि दर खेपेला आई, सत्यभामाबाई, सुनेकडे पाहून एकच सुस्कारा सोडायची.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात तो आला, तेव्हा आईने सुनेला, तुळसाला, मूल व्हावं म्हणून पाचवा उपास सांगितला. तुळसाने हातातलं सूप खाली ठेवलं.

"आता मी एकबी उपास करत नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईनं मले तपासलं. माह्यात काही खोट नाही. आता याइले तपासा."

जागेश्वरने उचललेला भाताचा घास परत ताटात ठेवला. छाती अडतीस इंच, हातात सहा टनी ट्रक, आणि तपासणी? पण तुळसा एकदा बोलली की बोलली. दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने भंडाऱ्याला गेली.

दवाखान्यात त्याच्या हाती नमुन्यासाठी एक इवलीशी बाटली आली. ती मुठीत लपवून तो रांगेत उभा राहतो, तर पुढे गावचाच ताराचंद!

"काहून बे जागेश्वर, काय झालं?"

"डोळे दाखवाले आलो."

"अन् बाटली कायले?"

"थेंब... थेंब देणार हायेत ना."

"मलेबी सांग मंग," ताराचंद म्हणाला, "माह्येबी डोळे चुरचुरून राह्यले."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी कागद पाहिला. बीज कमी होतं, आणि होतं तेही सुस्त. जागेश्वरची मान खाली गेली.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "वर प्राणवायू कमी. शरीर त्रासतं आणि आत एक प्रकारचा गंज चढतो, तुमच्या ट्रकला चढतो तसा. खाली राहिलं की बरेचदा सुधारतं. विडी सोडा. आवळा खा, मुंगन्याची, म्हणजे शेवग्याची, पानं खा, गंज उतरायला त्यांची मदत होते म्हणतात. पण धीर धरा. नवं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात."

तुळसाने बोटांवर मोजलं. सुट्टीचे सात आठवडे उरले होते.

घरी 'गंज' हा शब्द ऐकताच सत्यभामाबाईंनी पदर खोचला. सकाळी आवळ्याचा रस, दुपारी आवळ्याची चटणी आणि मुंगन्याची भाजी, संध्याकाळी पुन्हा आवळा. आठव्या दिवशी जागेश्वरचे दात असे आंबले की त्याला मऊ भातही चावेना. "आये, फौजेत यापेक्षा बरं होतं," तो कळवळला. पण सुनेचे उपास मात्र त्या दिवसापासून बंद झाले. सासूने तिला स्वतःच्या हाताने दूध दिलं.

राहिला प्रश्न महिनाभराच्या वाढीव सुट्टीचा. अर्ज लिहायला कृष्णराव गुरुजी घरी आले.

"कारण काय लिहू?"

"घरचं काम," जागेश्वर पुटपुटला.

"कोणतं?"

दाराआडून तुळसा म्हणाली, "लिहा ना गुरुजी, पेरणी हाय म्हणून."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "पौषात कोणती पेरणी, बाई?"

"उशिराची."

गुरुजींना मोठा ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी 'उशिराची पेरणी' असंच लिहिलं. पण उभ्या जन्मात खोटं न लिहिलेला माणूस. लखोटा चिकटवण्याआधी त्यांनी डॉक्टरांचा कागदही गुपचूप आत सरकवला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सुट्टी मंजूर. सोबत त्याच्या तुकडीच्या मेजरसाहेबांच्या हातची एक चिठ्ठी होती: "कागज़ देखा. शरमाओ मत. मेरी शादी को भी छह साल हुए. क्या-क्या खा रहे हो, साफ़-साफ़ लिखो."

जागेश्वर आधी घामाघूम झाला. मग त्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसला. ज्यांच्यापुढे टाच आपटून उभं राहायचं, त्यांचंही तेच दुखणं! त्याने लांबलचक उत्तर लिहिलं, आणि विडी सोडायचं कलम ठळक अक्षरात घातलं. मार्च लागता लागता तो आवळ्याच्या मुरब्ब्याचा डबा घेऊन कामावर गेला.

नोव्हेंबरात तार आली. ती हातात घेऊन जागेश्वर मेजरसाहेबांच्या तंबूकडे पळाला. एवढ्या उंचीवर पळू नये हा पहिला नियम तो विसरला होता. दारात पोचला तेव्हा तोंडातून शब्द फुटेना, ओठ निळे पडले होते. साहेबांनी घाबरून त्याला खाटेवर झोपवलं आणि प्राणवायूची नळी नाकाला लावली. मग त्याच्या मुठीतली तार सोडवून वाचली: मुलगी झाली. दोघी बऱ्या.

"गधे," साहेब म्हणाले, "चलकर नहीं आ सकते थे?"

त्यांच्या घरून अजून तशी तार आली नव्हती. तरी त्यांनी आपल्या पेटीतून बिस्किटांचा पुडा काढला, फोडला, आणि पहिलं बिस्कीट जागेश्वरच्या हातावर ठेवलं.