पहिली घागर

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. माणसाला त्याच्या मर्जीने जगू द्या म्हणतो तो उदारमतवादी आणि वाडवडिलांनी बसवलेली घडी मोडू नका म्हणतो तो परंपरावादी, असं मुलांना सांगताना माझ्या डोळ्यांसमोर हटकून माझी काकू, आयडा आंटी येते. आमच्या मरोळ गावठाणात आम्ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात. माझ्या लग्नात मी म्हटलं, "आंटी, नळाचं चालेल ना?" तर बया दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटी गेलो विहिरीवर. माझ्या होणाऱ्या नवऱ्याची, मिहिरची आई मात्र गर्दीच्या मागे जाऊन उभी राहिली. विधवेने शुभकार्याला हात लावायचा नाही, हे त्यांच्याकडे चालत आलेलं. मिहिर आणि मी, दोघंही मोठे पुढारलेले! "त्यांची मर्जी," म्हणून गप्प राहिलो.

आंटी खेकसली, "वसुधा, मागे काय करतेस? आमच्या घरात पहिली घागर नवऱ्यामुलाची आईच काढते. तिला नवरा असावा लागतो असं माझ्या सासूने कधी सांगितलं नाही. माझ्यासमोर रीत मोडायची नाही!"

तिने दोर त्यांच्या हातात कोंबला. वसुधाताईंनी घागर वर ओढली. बँडवाले वाजवायचं विसरले. काठोकाठ भरलेल्या त्या घागरीकडे मी खुळ्यासारखी बघत राहिले.

आंटी माझ्याकडे वळली. "काय गं, तुला नळाचं हवं होतं ना?"